टाके, रांजण आणि गळ
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता अक्षरे वाचू लागला आहात. एस. टी.ची पाटी वाचता. पुड्यावरची किंमत वाचता. अंगठा सोडून सही करता. ही काही थोडी गोष्ट नव्हे. पण एक पाटी तुमच्या खिशातही आहे. ती म्हणजे मोबाइल. या पाटीवर एक शब्द जागोजाग दिसतो. तो शब्द म्हणजे 'मोफत'. आज आम्ही या एका शब्दाबद्दल बोलणार आहोत.

'मोफत' वाचून काही माणसे म्हणतात, "फुकटच आहे ना, मग घ्या की!" काही माणसे म्हणतात, "फुकट कोण कुणाला देतं? यात काहीतरी काळंबेरं असणार." पहिली माणसे फसतात. दुसरी माणसे उपयोगाच्या वस्तूला मुकतात. नुकसान दोघांचेही होते. म्हणून मोफत म्हणजे काय काय असू शकते, ते नीट समजून घेऊ.

आमच्या मते मोफत तीन तऱ्हेचे असते. एक टाक्याच्या पाण्यासारखे. दुसरे घाटातल्या रांजणासारखे. आणि तिसरे मासे धरायच्या गळासारखे.

टाक्याचे पाणी

आपल्या जुन्नरच्या डोंगरांत लेणी आहेत. लेण्यांजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. दगडावर ब्राह्मी अक्षरांत लेख कोरलेले आहेत. ते अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. कोणी लेणे दिले, कोणी शेत दिले, कोणी टाके खोदून दिले, हे त्यांत लिहिले आहे. एका लेखात इरिल हे नाव येते. हा इरिल यवन होता. त्या काळी पश्चिमेकडून आलेल्या परक्या माणसाला यवन म्हणत. त्याने दोन 'पोढी' दान दिल्या. पोढी म्हणजे पाण्याचे टाके.

पाहा बरे! माणूस परक्या मुलखाचा. पण त्याने आपल्या खडकात पाण्याची सोय केली. दान दिले ते दिले, वर पाण्याचे पैसे मागितले नाहीत.

मोबाइलच्या जगातही अशी टाकी आहेत. ती कशी, ते सांगतो.

मोबाइल आणि संगणक ही यंत्रे आहेत. यंत्राला स्वतःची अक्कल नसते. कोणते काम कसे करायचे, ते माणसाने लिहून द्यावे लागते. त्या लिहून दिलेल्या कृतीला सॉफ्टवेअर म्हणतात. मोबाइलवरच्या सॉफ्टवेअरला आपण ॲप म्हणतो.

आता मासवडीचे उदाहरण घ्या. आपल्याकडची मासवडी नावाजलेली. समजा, एका सुगरणीने आपली कृती कुलपात ठेवली. ती म्हणाली, "मासवडी खा, पैसे द्या, पण कशी केली ते विचारू नका." तो तिचा हक्क आहे. दुसरी सुगरण म्हणाली, "ही घ्या कृती. तुम्ही करा. तिखट कमी-जास्त करा. शेजारणीलाही सांगा. पण तुम्ही काही सुधारणा केली, तर तीसुद्धा अशीच सगळ्यांना सांगा." आता सांगा, कृती दिल्याने तिच्या टोपल्यातली मासवडी कमी झाली का? मुळीच नाही.

या दुसऱ्या तऱ्हेच्या सॉफ्टवेअरला 'मुक्त सॉफ्टवेअर' म्हणतात. ते बहुधा फुकट मिळते. पण त्याची खरी खूण फुकटपणा नव्हे. मोकळेपणा ही त्याची खूण. ते कोणीही वापरावे, आत काय आहे ते पाहावे, सुधारावे आणि दुसऱ्याला द्यावे.

हे काम कोणी सुरू केले? १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी असे मोकळे सॉफ्टवेअर तयार करण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंड देशात लिनस टोरवाल्ड्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने 'लिनक्स' नावाचे सॉफ्टवेअर लिहायला घेतले आणि लोकांपुढे ठेवले. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तुमच्यापैकी पुष्कळांकडे अँड्रॉइड मोबाइल आहे. त्या मोबाइलच्या मुळाशी हेच लिनक्स आहे. म्हणजे फिनलंडच्या त्या पोराने खोदलेल्या टाक्याचे पाणी तुम्ही रोज पिता, पण तुम्हांला ते ठाऊक नव्हते.

फार लांब कशाला, नारायणगावजवळ खोडदला चला. तिथल्या त्या मोठमोठ्या ताटल्या तुम्ही पाहिल्या असतील. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ३० ताटल्या आहेत. एकेक ताटली ४५ मीटर रुंद आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. त्या लहरींचा हिशोब संगणक करतात, आणि त्या कामात लिनक्सचा उपयोग होतो. तिथे केलेल्या नोंदी ठराविक मुदतीनंतर जगभरच्या अभ्यासकांना खुल्या होतात. आपल्या शिवाराशेजारीच हे देणे-घेणे चालले आहे.

उपयोगाच्या काही वस्तू

आता तुमच्या आमच्या कामाच्या चार वस्तू सांगतो. या सगळ्या मोफत आहेत.

पहिली वस्तू 'व्हीएलसी'. रस्त्याचे काम चालू असताना नारिंगी-पांढऱ्या उंच टोप्या ठेवतात ना, तसे तिचे चित्र आहे. पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केले. कीर्तनाचा, लग्नाचा जुना व्हिडिओ दुसऱ्या ॲपमध्ये चालत नसेल, तर यात बहुधा चालतो. यात जाहिरात नाही.

दुसरी वस्तू 'लिबरऑफिस'. ही संगणकासाठी आहे. २०१० सालापासून ती या नावाने मिळते. तिच्यात मराठीत अर्ज लिहिता येतो. बचत गटाचा हिशोब मांडता येतो. बेरीज आपोआप होते. अशाच कामाचे विकतचे सॉफ्टवेअर काही लोक कुलूप तोडून, चोरून वापरतात. तसे करू नका. एक तर ती चोरी. दुसरे म्हणजे चोरीच्या मालात पुष्कळदा कीड असते, आणि ती आपला संगणक पोखरते. मोकळी वस्तू हाताशी असताना चोरी कशाला?

तिसरी वस्तू 'ओपनस्ट्रीटमॅप'. हा जगाचा नकाशा आहे. लोकांनीच तो काढला आहे. २००४ साली इंग्लंडमध्ये हे काम सुरू झाले. 'ऑर्गॅनिक मॅप्स' या ॲपमध्ये हाच नकाशा असतो. आपल्या भागाचा नकाशा घरी असतानाच उतरवून ठेवायचा. मग भीमाशंकरच्या रानात रेंज गेली, तरी नकाशा उघडतो.

चौथी वस्तू 'एनव्हीडीए'. ही आंधळ्या माणसांसाठी आहे. संगणकाच्या पडद्यावर काय लिहिले आहे, ते ती मोठ्याने वाचून दाखवते. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी ती तयार केली. त्यांची नावे मायकल करन आणि जेम्स टे. असे सॉफ्टवेअर पूर्वी फार महाग होते. गरीब अंध विद्यार्थ्याला ते कसे परवडावे? म्हणून त्यांनी ते मोफत आणि मोकळे केले. तुमच्या ओळखीत कोणी अंध मुलगा शिकत असेल, तर त्याच्या गुरुजींना हे नाव जरूर सांगा.

आपल्याच पैशांचे टाके

आणखी एक टाके आहे. ते सरकारने बांधले आहे. सरकारने म्हणजे तुमच्या आमच्या कराच्या पैशांतून. त्यामुळे तिथे पाणी पिणे हे कोणाचे उपकार नव्हेत. तो आपला हक्क आहे.

सात-बाराचेच घ्या. 'महाभूलेख' या सरकारी संकेतस्थळावर आपला सात-बारा पाहायला पैसे पडत नाहीत. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे. गट नंबर किंवा नाव लिहायचे. आपला मोबाइल नंबर लिहायचा. वेडीवाकडी अक्षरे दाखवलेले एक चित्र येते. ती ओळखून लिहायची. मग उतारा उघडतो. हा उतारा पाहण्यापुरता असतो. कचेरीत किंवा बँकेत द्यायचा असेल, तर डिजिटल सहीचा उतारा घ्यावा. त्याची सरकारी फी १५ रुपये आहे.

हे कळून काय फायदा? ऐका. आमच्या वर्गात एक बाई येत. त्यांचे यजमान वारून तीन वर्षे झाली होती. घरची माणसे सांगत, "तुझं नाव उताऱ्याला लागलंय, काळजी करू नको." त्यांनी विश्वास ठेवला. वाचता येऊ लागल्यावर मुलीच्या मोबाइलवर त्यांनी तो उतारा उघडला. बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचला. दिरांचे नाव होते. यजमानांचे नाव तसेच होते. खाली त्यांचे स्वतःचे नाव मात्र कुठेच नव्हते. बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "गुरुजी, मी परत एकदा वाचते." परत वाचले, तरी नाव नव्हतेच.

त्या कोणाशी भांडल्या नाहीत. मृत्यूचा दाखला आणि इतर कागद गोळा केले. तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज दिला. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. अर्जाची पोच मागून घेतली, आणि पोचही वाचून पाहिली. पुढे फेरफार मंजूर झाला. आज त्या उताऱ्यावर त्यांचे आणि मुलीचे नाव आहे.

मंडळी, संकेतस्थळ मोफत होतेच. ते आधीपासून होते. पण ज्याला वाचता येत नाही, त्याला भरलेले टाकेही कोरडेच.

या टाक्यावर आणखीही वस्तू आहेत. 'ई-पीक पाहणी' हे ॲप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाले. त्यात आपल्या शेतातल्या पिकाची नोंद आपण स्वतः करू शकतो. राज्याच्या कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारभाव मराठीत वाचायला मिळतात. नारायणगावला टोमॅटो किंवा मंचरला कांदा नेण्याआधी आजूबाजूच्या बाजारांतले भाव वाचावेत. भाव आपल्या हातात नसतो, हे खरे. पण भाव ठाऊक असलेल्या माणसाशी व्यापारी वेगळे बोलतो.

आणि 'दामिनी' हे ॲप विसरू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ते तयार केले आहे. आपल्या आसपास २० आणि ४० किलोमीटरच्या टापूत वीज पडत आहे का, पडण्याची शक्यता आहे का, हे ते सांगते. वळवाच्या पावसात शेतावर असताना वीज पडून दरवर्षी माणसे जातात, जनावरे जातात. इशारा मिळाला की झाडाखाली उभे राहू नका. पक्क्या घरात जा. काम तासभर थांबले तरी चालेल.

घाटातला रांजण

आता दुसरी तऱ्हा. नाणेघाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे. पूर्वी घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकत, असे लोक सांगतात. घाट खुला होता, पण जकात होती. आणि रांजण तोंडाशीच होता. ती कोणी लपवून ठेवली नव्हती.

व्हॉट्सॲप, यूट्यूब, फेसबुक, गूगल हे सगळे आपल्याला फुकट वाटते. खिशातून रुपया जात नाही. मग या मोठ्या कंपन्या चालतात कशावर? मुख्यतः जाहिरातींवर आणि धंदेवाल्यांकडून मिळणाऱ्या पैशांवर. आपण काय पाहतो, काय शोधतो, कुठे असतो, याची त्या नोंद ठेवतात. त्यावरून कोणती जाहिरात कोणाला दाखवायची ते ठरते. म्हणजे जकात आहेच. ती नाण्यांत नसून माहितीत आहे, इतकेच. शिवाय आपला वेळही जातो. पण हा रांजण डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून या वस्तू वापरायच्या नाहीत का? तसे आम्ही म्हणत नाही. मुलगा पुण्याला असेल, तर त्याच्याशी व्हिडिओवर बोला. मोबाइलशी मराठीत बोलले, तर तो ते लिहून दाखवतो. तोही उपयोग करा. मात्र सगळेच त्याच्याकडून वाचून आणि लिहून घेऊ नका. कुदळ वापरली नाही तर गंजते. नवे शिकलेले वाचनही तसेच आहे.

जकात द्या, पण मोजून द्या. ॲप उघडताना ते परवानगी मागते. तिथे 'परवानगी द्या' आणि 'नाही' असे दोन शब्द असतात. दोन्ही वाचा. नकाशाच्या ॲपने तुम्ही कुठे आहात हे विचारले, तर ते रास्त आहे. पण बॅटरीच्या ॲपला तुमच्या मोबाइलमधली सगळी नावे आणि नंबर कशाला हवेत? उजेड पाडायला नावांची वही लागत नाही. तिथे 'नाही' वर बोट ठेवा.

माशाचा गळ

तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट. गळाला लावलेली कणीकही माशाला मोफतच मिळते. मोबाइलवरही असे गळ टाकलेले असतात.

पीएम किसान योजनेत पात्र शेतकऱ्याला वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत मिळतात. हे सगळ्यांना ठाऊक आहे. चोरांनाही ठाऊक आहे. मग व्हॉट्सॲपवर निरोप येतो, "तुमचा हप्ता अडकला आहे. हे मोफत ॲप घ्या." खाली एक फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी इंग्रजी अक्षरे असतात. ती फाइल उघडून बसवली, की चोर मोबाइलमध्ये शिरतो. बँकेचे निरोप तो वाचतो, आणि खाते रिकामे करतो. लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपवर आलेली अशी फाइल कधी उघडू नका. ओळखीच्या माणसाच्या नंबरावरून आली तरी उघडू नका. त्याचाही मोबाइल चोराच्या हातात गेलेला असू शकतो. ॲप हवे असेल, तर प्ले स्टोअरमधूनच घ्या. तिथेही ते कोणी काढले आहे ते नाव वाचा.

दुसरा गळ कर्जाचा. "कागदपत्र नको, पाच मिनिटांत कर्ज." असे ॲप आधी आपली नावांची वही आणि फोटो मागते. पुढे वसुलीसाठी नातेवाइकांना फोन जातात. माणसाची अब्रू काढली जाते. आपल्या बँकेत किंवा सोसायटीत चार हेलपाटे पडले तरी पत्करले, पण हा गळ गिळू नका.

तिसरा गळ पिनचा. 'भीम' ॲपने किंवा तशा दुसऱ्या ॲपने पैसे पाठवता येतात. ही सोय चांगली आहे. पण एक नियम पाठ करा. पैसे द्यायला पिन लागतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी म्हणाला, "तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका," तर तो घेणारा आहे, देणारा नव्हे.

इतके करूनही कोणी फसलाच, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करावा आणि बँकेलाही कळवावे. जितक्या लवकर कळवाल, तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त.

चार प्रश्न

मग टाके कोणते, रांजण कोणता आणि गळ कोणता, हे ओळखायचे कसे? चार प्रश्न विचारा.

एक, हे कोणी दिले आहे?
दोन, हे माझ्याकडून काय मागते?
तीन, जे मागते ते या कामाला खरेच लागते का?
चार, हे मला घाई करते का?

चौथा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. टाके कधी घाई करीत नाही. ते उद्याही तिथेच असते. "आत्ताच दाबा, नाहीतर संधी गेली," असे फक्त गळ म्हणतो. तुम्ही नवे वाचणारे आहात. तुम्हांला वाचायला वेळ लागतो. त्याची लाज धरू नका. सावकाश वाचणारा माणूस घाईच्या गळाला सहसा लागत नाही.

शेवटी एक गोष्ट सांगतो. टाक्याचे पाणी पिणाऱ्याने टाके साफही ठेवावे. 'विकिपीडिया' हा लोकांनी लिहिलेला मोफत ज्ञानकोश आहे. मराठी विकिपीडिया २००३ सालापासून आहे. त्यात आपल्या गावाचे पान आहे का ते शोधा. असेल तर वाचा. त्यात चूक असेल तर दुरुस्त करता येते. आठवडे बाजाराचा वार, ओढ्याचे नाव, जत्रेची तिथी हे तुमच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक आहे? तुमच्या वाडीचे नाव नकाशात नसेल, तर ते घालता येते. एकट्याला जमले नाही, तर शाळेतल्या मुलाला शेजारी बसवा. सांगायचे तुम्ही, लिहायचे त्याने. मग बरोबर लिहिले का, ते तुम्ही वाचायचे.

आणि आज घरी गेल्यावर एक काम करा. आपला सात-बारा उघडा. जमीन नसेल, तर ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची पावती काढा. घरच्या माणसांना एकत्र बसवा आणि तो कागद मोठ्याने वाचा. सगळी नावे वाचा. आपले नाव कुठे आहे ते पाहा. पुढच्या वर्गाला आलात की आम्ही प्रत्येकाला विचारणार आहोत.

इतके बोलून आम्ही थांबतो.